पद्मिनकाकूंची जळकी भांडी

पद्मिनकाकू कुणाला काही विचारत नसत. यात सांगण्यासारखं काय, असं कुणाला वाटलं तर त्यानं आमच्या गल्लीत राहून बघावं. माझी लातूरला बदली झाली, मी सामान उतरवत होते, तेवढ्यात तीन बायका दारात येऊन माझं गाव, माझा पगार, नवरा कुठे असतो आणि मूलबाळ का नाही, एवढं सगळं विचारून गेल्या. चौथ्या आल्या त्या पद्मिनकाकू. त्यांनी सामानातली कढई उचलली, उलटी करून बूड बघितलं आणि काही न बोलता घेऊन गेल्या. संध्याकाळी आणून ठेवली. माझ्या लग्नातली कढई ती. आतून इतकी पांढरी होती हे मी विसरूनच गेले होते.

"काकू, कशानं काढलंत हो हे?"

"चिंचंनं," म्हणाल्या आणि गेल्या.

मी मात्र त्यांना ओळखलं होतं. भूकंपानंतर औशाच्या बाजूला एका गावात माझी शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरायची, तिथे मी त्यांना पाहिलेलं. त्यांची थोरली बहीण त्या गावात दिलेली होती. बहीण, मेहुणा, सून, सगळे एका घरात गेले. काकू मातीला म्हणून आल्या आणि चार महिने राहिल्या. त्यांना तरी लातुरात कोण होतं? नवरा पाटबंधारेच्या कचेरीत कारकून होता, तो लवकर गेलेला. मूल नव्हतं.

गावही तसल्याच शेडमध्ये राहत होतं, आणि प्रत्येक घराला मदतीत आलेल्या स्टीलच्या भांड्यांचा एक सेट मिळाला होता. बायकांचे हात पितळेच्या जाड बुडाला सरावलेले, आणि हे स्टील पातळ. तीन दगडांवर ठेवलं की डाळ बुडाला धरायचीच. त्यात बाईचं चित्त थाऱ्यावर नसायचं. भांडी काळी होऊन शेडच्या बाहेर पडून राहायची. येणारा प्रत्येक माणूस मात्र विचारायचा. वह्या घेऊन आलेले साहेब विचारायचे, कपडे वाटायला आलेले विचारायचे, फोटो काढणारे विचारायचे: घरातले किती गेले, तुम्ही कुठे झोपला होता, कसं वाटतं? खोटं कशाला बोलू, मीही विचारायची. हजेरीपटावरची नावं खोडायची होती ना मला.

काकूच तेवढ्या विचारत नव्हत्या. एखाद्या बाईच्या शेजारी जाऊन बसायच्या, तिचं जळकं भगुणं पुढे ओढायच्या आणि घासायला लागायच्या. एक बाई होती, तिची दोन्ही लेकरं गेली होती. दीड महिना ती एक शब्द बोलली नव्हती. काकू रोज तिचं भगुणं घासायच्या, ती रोज समोर बघत बसायची. एके दिवशी काकूंनी घासून भगुणं पालथं घातलं, तर ती बाई म्हणाली, "कडंला ऱ्हायलंय." काकूंनी काथ्या तिच्याकडे सरकवला. बाईनं भगुणं मांडीवर घेतलं आणि कड घासता घासता रडायला लागली. मी वर्गाच्या दारातून हे बघत होते. मला तेव्हा वाटलं, आपण डी.एड. करून काय शिकलो?

"इचारलं की माणूस मिटून जातंय, बाई," काकू मला नंतर एकदा म्हणाल्या. "त्यापरीस त्याचं काम करून द्यावं आन् गप बसावं."

त्यांचा सगळा स्वभाव या एका वाक्यात आला. आणि पुढे जे झालं तेही यातूनच झालं.

लातूरला शेजारी झाल्यावर त्यांचं घासणं मी जवळून पाहिलं. मोरीजवळ पाट टाकून बसायच्या, पदर खोचलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. चाकू किंवा तारेची घासणी जळक्या भांड्याला लावलेली त्यांना खपत नसे. माझ्या हातात एकदा तारेची घासणी बघून त्यांनी ती काढून घेतली आणि सरळ गटारीत टाकली. "त्या बिचाऱ्याला कशाला सोलून काढतीस? भिजू दे की त्याला." दूध जळलं असेल तर पाणी आणि धुण्याचा सोडा टाकून मंद आचेवर ठेवायच्या, थर आपोआप सुटून वर यायचा. डाळीला खडं मीठ. गुळाला नुसतं गरम पाणी. रिकामं भांडं तापून निळं-जांभळं झालं असलं की चिंचेचा कोळ चोळायच्या. तापलेल्या भांड्यावर गार पाणी कुणी ओतलं तर त्यांचा जीव वरखाली व्हायचा. शेवटी काथ्यानं एकाच दिशेनं घासायचं, गोल गोल नाही. मी गोल घासते म्हणून त्या मला "मास्तरीन" म्हणायच्या, आणि त्यांच्या तोंडी ते काही कौतुक नव्हतं.

त्या वर्षांत लातूर बदलत होतं. चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो लागले. ज्याच्या घरावर गच्ची त्यानं वर खोल्या चढवल्या. निलंगा, उमरी, भोकर, कुठून कुठून पोरं-पोरी यायला लागल्या. "पोरीला लातूरला ठेवलीय" असं आईबाप सांगायचे तेव्हा अर्धी डॉक्टर झाल्यासारखंच सांगायचे. काकूंनीही गच्चीवर चार खोल्या काढल्या आणि मुलींना दिल्या. प्रत्येक खोलीत दोन पोरी, एक स्टोव्ह, दोन-तीन भांडी आणि पुस्तकांचा ढीग. पहाटे क्लास, मग कॉलेज, मग पुन्हा क्लास. मधल्या वेळात खिचडी. ती लागायचीच.

रविवारी आया यायच्या, डबे घेऊन. आमच्याकडच्या आया मुलीच्या खोलीत शिरल्या की आधी वह्या बघत नाहीत, भांडी उलटी करून बघतात. बूड काळं दिसलं की झालंच. "हे काय गं, सासरी असंच करणार का?" पोरीच्या डोळ्यांत पाणी. काकूंनी हे दोन-तीन रविवार ऐकलं आणि मग दर शनिवारी गच्चीवर जाऊन सगळी जळकी भांडी खाली आणायला लागल्या. रविवारी सकाळी भांडी लख्ख होऊन जिच्या तिच्या दारात. कुणाची कुठली हे त्यांना न विचारता कळायचं.

एवढंच नाही, भांड्यावरून पोरगीही कळते असं त्यांचं म्हणणं होतं. "ही खिचडी रुसून लागलीय, बग. ढवळलीच न्हाई तिनं." "हिचा चहा आटलाय, मैत्रीण आली आसंल." मी हसायची. म्हणायची, काकू, तुम्ही आता पाटी लावा बाहेर, भांड्यावरून भविष्य. त्याही हसायच्या. खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर निघायचं बऱ्याचदा, आणि त्याचा त्यांना थोडा तोरा होता.

सुवर्णा भोकरची. बारीक, सावळी, दोन वेण्या घालणारी. बाकीच्या पोरी शेजारच्या भिंतीवरून माझ्याशी गप्पा मारायच्या, ही नुसती हसायची. ती दूध जाळायची. खिचडी नाही, भाजी नाही, दूध. कधी आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. काकूंनी पहिल्यांदा तिचं भगुणं मला दाखवलं तेव्हा अगदी कौतुकानं दाखवलं.

"बग बाई. समोर उभी ऱ्हाऊन जळालंय हे. ध्यानच न्हाई पोरीचं. आब्यासात पार बुडालीय. हिचा नंबर येतोय बग."

मलाही ते पटलं. लातुरात त्या दिवसांत सगळ्यांनाच पटलं असतं. जेवणाची शुद्ध नाही, झोपेची शुद्ध नाही, दूध उतू गेलेलं कळत नाही, म्हणजे मुलगी हुशार. मी तर माझ्या वर्गातही तिचं उदाहरण दिलं. एकाग्रता म्हणजे काय, तर आमच्या शेजारची एक मुलगी. हे आठवलं की अजूनही मला वर्गासमोर उभं राहवत नाही.

एकदा तर मी स्वतः पाहिलं. काहीतरी द्यायला गच्चीवर गेले होते. स्टोव्हवर दूध वर येत होतं, सुवर्णा दोन हातांच्या अंतरावर उभी. दूध उतू गेलं, जाळ पिवळा झाला, जळका वास सुटला. ती त्याच्याकडेच बघत होती. ओढणीचं टोक बोटांनी चाळवत होती, सारखं, एकाच लयीत, आणि ओठ काही चघळल्यासारखे हलत होते. मी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा ती दचकली.

"काय गं, कुठं होतीस?"

"काही न्हाई बाई," ती गोंधळून म्हणाली. "आठवून राहिले होते."

मला वाटलं, रसायनशास्त्रातलं काहीतरी आठवत असेल. मी तिच्या डोक्यावर टपली मारली आणि खाली आले. शनिवारी काकूंनी ते भगुणं घासलं. रविवारी तिची आई आली, भगुणं उलटं करून बघितलं आणि समाधानानं ठेवून दिलं.

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी सकाळी सुवर्णा अंघोळीला गेली ती बाहेर आली नाही. आतून कडी. दार तोडलं तेव्हा ती बादलीवर पालथी पडलेली होती. दवाखान्यात तीन दिवस होती आणि तिसऱ्या दिवशी गेली.

डॉक्टरांनी तिच्या आईला बाहेर बसवून विचारलं ते काकूंनी आणि मी दोघींनी ऐकलं. फिट आली होती, म्हणाले. पण अशी एकदम येत नाही. आधी काही महिने, कदाचित काही वर्षं, मधेच हरवल्यासारखी व्हायची का? हातातलं काम तसंच राहायचं का? गोळ्यांनी हे आवरतं. कुणाच्या काही लक्षात आलं होतं का?

आईनं थोडा विचार केला. रडून रडून आवाज बसला होता तिचा. "घरी व्हायचं तसं, साहेब. दूध ठिवलं की जाळायची. पण हितं आल्यापसून बंद झालं व्हतं. लई सुधारली व्हती माझी लेक. दर रविवारी मी भांडी बघून राहिले ना. एकदम लख्ख."

मी काकूंकडे बघितलं नाही. बघायची हिंमत झाली नाही. भिंतीला टेकून त्या खाली बसल्या एवढं मला कळलं.

पंधरा दिवसांनी त्या आमच्या घरी आल्या तेव्हा पिशवी हातातच होती. "बाई, मला भोकरला जायचंय. मी एकटी न्हाई जाऊ शकत." मी म्हटलं, काकू, आता सांगून काय होणार? पोरगी परत येणार आहे का? त्या माउलीपासून झाकलेलंच राहू द्या. मला वाटतं माझ्या बोलण्यात माझीही भीती होती. माझंही नाव त्यात निघणार होतं.

"तिला वाटून ऱ्हायलंय की पोरगी बरी झाली व्हती," काकू म्हणाल्या. "ते खोटं मी घासून ठिवलंय."

नांदेडला एसटी बदलून आम्ही भोकरला गेलो. सुवर्णाची आई अंगणात ज्वारी पाखडत होती. आम्हाला बघून उठली, घोंगडी टाकली. काकू बसल्याच नाहीत. उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं: दूध जळणं बंद झालं नव्हतं, मी शनिवारी घासत होते. तुम्ही रागवाल म्हणून घासत होते. मी तिला एकदाही विचारलं नाही.

मीही सांगितलं, ओढणीचं.

ती बाई सूप हातात धरून उभी होती. "किती येळा?" तिनं विचारलं.

"ध्यानात न्हाई. लई येळा."

"म्हंजे सुधारली नव्हती."

"न्हाई."

"मी मारलं होतं तिला त्या दुधापायी," ती म्हणाली. "उलथनं तापवून हातावर ठिवलं होतं एकदा. मला वाटलं, त्याचाच गुण आला."

मग ती आत गेली. आम्ही तासभर अंगणात थांबलो. ती बाहेर आली नाही, चहापाणी काही नाही. आम्ही उठलो आणि स्टँडवर आलो. परतीच्या वाटेवर काकू खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी त्यांच्या हातावर हात ठेवला, तर त्यांनी तो हळूच काढून घेतला.

काकूंनी खोल्या रिकाम्या केल्या. गच्चीच्या जिन्याला कुलूप लावलं. लोक म्हणाले, वेडी बाई, लातुरात आज खोलीला एवढं भाडं येतंय आणि ही कुलूप लावून बसलीय. मोरीतली घासाघीसही संपली. स्वतःचं भांडं नुसतं विसळून ठेवायच्या. माझी कढई पुन्हा काळी झाली आणि ती तशीच राहू देण्यात मलाही बरं वाटत होतं.

दोन वर्षांनी जून महिन्यात सुवर्णाची आई आली. सोबत धाकटी मुलगी, अर्चना. हातात वळकटी आणि स्टोव्ह. काकू दारात उभ्या राहिल्या त्या हलेचनात. शेवटी मीच त्यांना आत घेतलं.

"हिला तुमच्याकडं ठिवते," आई म्हणाली.

"माझ्याकडं?" काकू म्हणाल्या. "माझ्याकडं कशाला, माय? गावात खोल्या काय कमी हायत?"

"खोल्या लई हायत. पण आपली चूक सांगायला कोण भोकरपरेंत येतं? तुम्ही आल्या." ती थांबली. "मी त्या दिवशी तुम्हाला पाणी पण इचारलं न्हाई. लई राग होता मला. अजून हाय. पण हिला दुसरीकडं न्हाई ठिवायची." मग तिनं अट सांगितली. हिची भांडी घासायची नाहीत. काही जळलं, काही लागलं, तर जसंच्या तसं मला कळवायचं. दररोज.

काकूंनी जिन्याचं कुलूप काढलं. त्यांच्याकडे फोन नव्हता, माझ्याकडे होता. भोकरला त्यांच्या शेजारी दुकानात होता. संध्याकाळी सातला काकू माझ्याकडे यायच्या, हात पुसून, देवाला जाताना नीट करतात तसा पदर नीट करून. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरायच्या आणि ओरडून बोलायच्या. "हालो! आज खिचडी लागली. बुडाला. इचारलं मी तिला. म्हनली, कुकर शेजारनीनं मागून नेला, म्हनून भगुन्यात केली. हाव. डोळं बघितलं. चांगली हाय." कधी नुसतंच, "आज काय न्हाई. ठिवते."

विचारायला शिकणं त्यांना फार जड गेलं. साठीच्या बाईनं सायकल शिकावी तसं. अर्चनाच्या समोर उभ्या राहायच्या, शब्द जुळवायच्या, आणि एकदम तोफ डागल्यासारखं विचारायच्या, "काय झालं तुला? सांग!" पोरगी घाबरायची. पुढे पुढे वैतागायला लागली. "काकू, जरा मीठ जास्त झालं तरी आईला सांगता तुम्ही." काकू म्हणायच्या, "हाव, सांगते. तू रुस माझ्यावर. रुसलीस तरी चालंल." मुलगी रुसायची, काकू जिन्यात बसून राहायच्या आणि पुन्हा विचारायच्या. मला कधी कधी दोघींची दया यायची.

अर्चना धडधाकट होती. तिला काहीही झालं नाही. बारावीला बरे मार्क पडले आणि पुढेही शिकायला ती काकूंकडेच राहिली.

मग माझी नांदेडला बदली झाली. त्यानंतर काकू जेमतेम वर्षभर होत्या. त्या गेल्याचं मला सुवर्णाच्या आईनंच कळवलं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते माझा ट्रक भरायच्या दोन दिवस आधी.

त्याच्या आदल्या संध्याकाळी त्या फोनला आल्या तेव्हा हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं. मी पुस्तकं बांधत होते.

"हालो. आज दूध जळलं." पलीकडे काय झालं असेल ते मला दिसल्यासारखं कळलं. काकूंनी घाईघाईनं हात हलवला, जसं काही समोरची बघतेय. "न्हाई न्हाई, ऐका. अर्चना न्हाई. ती कॉलेजात व्हती. मी. माझ्या हातनं जळलं." मग आवाज खाली आला. "या हप्त्यात तीनदा झालं. ठिवते आन् कळतच न्हाई. परवा न्हाणीत जाऊन उभी ऱ्हायले, कशाला आले ते ठावं न्हाई. हितं कुणाला कळलं न्हाई अजून. अर्चनाला बी न्हाई. तुम्ही म्हनला व्हतात, जसंच्या तसं सांगा. म्हनून सांगून राहिले."

पलीकडून काहीतरी आलं. काकू ऐकत राहिल्या, दोनदा मान हलवली, "हाव," म्हणाल्या आणि रिसीव्हर ठेवला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हनली, घासू नका. मी येते."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. आत बसली नाही, पाणी प्यायली आणि लगेच काकूंना घेऊन निघाली. मी गॅलरीतून बघत होते. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा उभी होती. काकू नवं लुगडं नेसल्या होत्या आणि ते कापडात गुंडाळलेलं भगुणं दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं. रिक्षात चढताना कापड सरकलं आणि आतला काळा थर मला दिसला. सुवर्णाच्या आईनं ते कापड नीट केलं, काकूंच्या पाठीमागून हात घालून त्यांना आपल्याकडे ओढून घेतलं आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "सावकाश चल बाबा. डॉक्टरला दाखवायचं हाय ते."